मागचा डावा

नालाचं टोक झिजून पत्र्यासारखं पातळ झालं होतं – मागची बाजू जाड, खिळ्यांची भोकं अजून धड, पण पुढे, जिथं खूर शेवटी जमीन सोडतो तिथं, लोखंड तिरपं तासल्यासारखं चकचकीत... तिनं त्याच्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि मग नको त्या वस्तूला हात लागल्यासारखा काढून घेतला. बाकीचे नाल तिच्या पायाशी पडले होते. ते मळके, बोजड, आपापली पाळी इमानानं करून आलेले. हा एकटाच चमकत होता. लोखंड चमकतं ते घासलं गेलं म्हणून, आणि घासलं जातं ते पाय नीट उचलला गेला नाही म्हणून. शिकवायला लागल्यापासून प्रत्येक नव्या तुकडीला ती हेच सांगत आली होती – नाल बघायला शिका, घोडा कसा चालतो ते त्याच्यात दिसतं – आणि आता तिच्याच हातात असा नाल होता आणि तिला तो बघायचा नव्हता.

"ताई, हा मागचा डावा देताना कुरकुरतो हो," नालबंद खालूनच म्हणाला. घोड्याचा पाय त्यानं मांडीवर घेतला होता आणि तोंडात खिळे होते, त्यामुळे त्याचं बोलणं दातांच्या फटीतून यायचं. "मागल्या खेपेलाही ओढून घेत होता. मी म्हटलं, लाडावलाय."

"लाडावलाच आहे," ती म्हणाली.

लाडावलाच आहे. हे वाक्य तिच्या तोंडून इतक्या सहज आलं की तिलाच ते जरा लांबून ऐकू आलं. शहाणा लाडावलेला आहे, शहाणा नखरेल आहे, शहाणा मूडी आहे... त्याचं नावसुद्धा कुणी कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. नवा आला तेव्हा त्यानं दाराची कडी तोंडानं उघडायला शिकून एका दुपारी अख्खा तबेला मोकळा केला, आणि रायडिंग स्कूलचा मालक – सगळे त्याला दादा म्हणत – कपाळाला हात लावून म्हणाला होता, "फारच शहाणा दिसतोय हा." ते चिकटलं. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक वागण्याला त्या नावातच कारण सापडायचं. शिकाऊ लोक त्याच्यावर बसले की तो मान उडवायचा, वळणावर मध्येच एक पाऊल चुकवायचा, कधी जागेवर उभाच राहायचा, आणि ते लोक तक्रार घेऊन आले की ती म्हणायची, तुमचे हात कडक आहेत, त्याला कळतं कोण बसलंय. मग हळूहळू तिनं त्याला शिकाऊंना द्यायचंच बंद केलं. माझ्याशिवाय कुणाखाली नीट चालत नाही तो. हे ती तक्रारीच्या सुरात सांगायची, आणि ऐकणाऱ्याला बरोब्बर कळायचं की ही तक्रार नाही.

नालबंद गेल्यावर तिनं स्वतःच खरारा घेतला. घोड्यांची निगा राखायला मोतद्दार होता, पण शहाण्याला खरारा तीच करायची. उजव्या पुठ्ठ्यावरून हात गोल फिरला, भरला. डाव्यावरून फिरला... परत उजव्यावर नेला, परत डाव्यावर. डावीकडे मांस ओसरलं होतं. फार नाही, थोडंसं – पण थोडंसं हे एका दिवसात होत नाही, आणि हा हात रोज इथून फिरत होता, रोज. घरात रोज बघणाऱ्याला मूल वाढलेलं दिसत नाही, पाहुण्याला दिसतं. पण ती काय घरातलं माणूस होती होय? ती शिक्षिका होती. तिला बघायचाच पगार मिळत होता.

परवाच जेवताना नवरा त्याच्या कामातलं काहीतरी सांगत होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि जेवताना त्याला नेहमी लिफ्टच आठवतात. म्हणाला, आवाज करणारी लिफ्ट परवडली, लोक बोंब मारतात, आपण जातो, तेल घालतो, झालं. पण एखादी लिफ्ट एकदा बटण दाबून येत नाही, तर लोक काय करतात? दोनदा दाबायला शिकतात. तक्रार नाही, काही नाही. वर्षभर दोनदा दाबतात. मग एक दिवस अडकते आणि सगळे म्हणतात, कालपर्यंत तर चांगली होती. तिनं "हं" म्हटलं होतं. तिचं लक्ष नव्हतं. ती मनात शहाण्याला उजव्या रिंगणात फिरवत होती. नवऱ्याला ते कळलं असावं, कारण तो म्हणाला, "लग्नात तू माझ्याकडे सुद्धा एवढ्या मायेनं बघत नव्हतीस, आता भिंतीकडे बघतेस तशी." आणि ती हसली होती.

खरारा झाल्यावर तिनंच फोन करून बोलावलेला घोड्यांचा डॉक्टर वेळेवर आला. तिला ते आवडलं नाही. एरवी हा माणूस दिवस ढळल्याशिवाय उगवायचा नाही, आणि आज नेमका सांगितल्या वेळेला त्याची गाडी फाटकातून आत... तिला वाटलं होतं थोडा उशीर होईल, तेवढ्यात आपण शहाण्याला जरा चालवून मोकळा करू. म्हणजे काय करू? दुखणं तपासायला येणाऱ्या माणसासमोर दुखणं झाकू? तिनं हा विचार मनातल्या मनात मध्येच सोडून दिला.

डॉक्टर तरुण होता, कमी बोलायचा. आधी त्यानं घोड्याला नुसतं उभं करून बघितलं, मागून, बाजूनं, परत मागून. मग सांध्यावर हात फिरवला – मागच्या पायाचा तो मधला, मागे वळलेला सांधा, ज्याला सगळे नवशिके गुडघा म्हणतात आणि ती दर वेळी हसून सांगायची की हा गुडघा नव्हे, ही टाच आहे, घोडा जन्मभर चवड्यांवर उभा असतो.

"पळवा," तो म्हणाला.

तिनं दोर धरून पळवलं. फारसं काही नाही.

"आता पाय दुमडून धरतो. सोडला की लगेच पळवायचं, मध्ये थांबायचं नाही."

त्यानं मागचा डावा उचलला, पोटाशी घट्ट दुमडला आणि धरून ठेवला. मिनिटभर. मिनिट केवढं लांब असतं ते अशा वेळी कळतं. शहाणा तीन पायांवर उभा राहिला, आणि तोल सावरायला म्हणून की कशासाठी, त्यानं आपली हनुवटी तिच्या खांद्यावर ठेवली, त्याच खांद्यावर... हा खांदा एकदा दुसऱ्याच एका घोड्यानं मोडला होता. प्लास्टर निघाल्यावर ती परत आली तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं पण रिकिबीत पाय टाकताना तिची पोटरी थरथरायची. हाडं जुळली होती, भीती जुळली नव्हती. तेव्हा ती शहाण्यावर बसली. आणि हा तोंडानं कड्या उघडणारा, अख्ख्या तबेल्याला वैताग आणणारा प्राणी, पाठीवर काचेचं सामान ठेवल्यासारखा चालला. ती डावीकडे कलली की तो तिच्याखाली डावीकडे सरकायचा. ती घाबरली की त्याचं पाऊल आखूड व्हायचं. ती सावरायच्या आधी तिला सावरून घ्यायचा. तिला वाटलं होतं, हेच ते, ह्याचसाठी माणसं घोड्यावर बसतात. पुढे ती धीट झाली, पण त्याची ती सवय गेली नाही. खालून थोडं सरकून घेण्याची. आपण दोघं न बोलता बोलतो असं ती त्याला म्हणायची. म्हणजे, मी म्हणायचे. तो काय म्हणत होता ते...

"सोडतो," डॉक्टर म्हणाला. "पळवा."

पहिली काही पावलं वाईट पडली. मग सुधारली. मग सरळ.

"ह्या वयात एवढं बहुतेक घोडे दाखवतात," डॉक्टर म्हणाला, आणि तिचा अडकलेला श्वास सुटला. "बसून दाखवता का?"

ती बसली. बसल्याबरोबर सगळं ठीक झालं, तिचं नेहमीच व्हायचं. आधी चालवलं, मग दुडक्या चालीला घातलं, उजवीकडे एक फेरी, डावीकडे एक फेरी, आणि शहाणा असा चालला, मान खाली, पाठ मोकळी, पाऊल हलकं, की तिला वाटलं जग बघू देत. डॉक्टर रिंगणाच्या मधोमध उभा राहून नुसता फिरत होता. तिला जिंकल्यासारखं वाटलं. नालाबद्दल, पुठ्ठ्याबद्दल, सगळ्याबद्दल आपण उगीच जिवाला घोर लावून घेतला, असंही वाटलं.

"मॅडम," डॉक्टर म्हणाला, "डावीकडे फिरताना तुम्ही नेहमी असंच उठता?"

"असंच म्हणजे?"

"आतल्या खांद्याबरोबर."

दुडक्या चालीत घोड्याचे पाय तिरप्या जोडीनं पडतात, मागचा डावा आणि पुढचा उजवा एकदम, मग दुसरी जोडी. स्वार एका जोडीला खोगिरावरून उठतो, दुसरीला बसतो. ज्या जोडीला बसतो तिच्यावर त्याचं ओझं पडतं. रिंगणात फिरताना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे गेला की उठायचं, म्हणजे डावीकडे फिरताना ओझं मागच्या डाव्याच्या जोडीवर येतं, हा नियम पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि ती तर तो दिवसभर ओरडून शिकवायची, बाहेरचा खांदा बघा, बाहेरचा, तुमच्या घरचा आतला नाही, इतकं की स्वप्नात सुद्धा म्हणत असेल. आणि ती स्वतः...? तिनं खाली बघितलं. सराईत स्वार खाली बघत नाही, बघितलं तर वस्तादाचा आवाज ऐकू येतो, तो जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी. बघितलं, आणि डॉक्टर बरोबर होता. ती चुकीच्या जोडीला उठत होती.

"बदलते," ती म्हणाली. एक ठोका जास्त बसली, जोडी बदलली. त्याबरोबर शहाण्यानं वळणावर ती त्याची बारीकशी उडी घेतली, पाऊल चुकवल्यासारखी, आणि दुसऱ्या क्षणी ती पुन्हा पहिल्याच जोडीवर होती. ती हसली. "ही त्याची खोडी आहे. नेहमी करतो."

डॉक्टर हसला नाही. "पुन्हा बदला."

तिनं बदललं. उडी. परत पहिल्या जोडीवर.

"उतरता का जरा?" तो म्हणाला. "दुसरं कुणी बसेल?"

कुंपणाशी बँकेच्या बाई उभ्या होत्या. त्यांचा तास होता. बँकेत अधिकारी, पन्नाशीला आलेल्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या चालण्याचा कंटाळा आला म्हणून घोड्यावर बसायला आलेल्या, आणि तिच्या सगळ्या विद्यार्थ्यांत घोड्यावर सगळ्यांत ओबडधोबड. उठबस चुकू नये म्हणून त्या तोंडानं मोजायच्या. मध्ये एकदा त्यांनीच भीतभीत विचारलं होतं – मॅडम, परवा तुम्हाला बघत होते, तुम्ही डावीकडे फिरताना आतल्या खांद्याला उठता, ते पुढच्या परीक्षेतलं आहे का? आणि ती म्हणाली होती, बाई, आधी आपलं बघा. वर्गात सगळे हसले होते. बाईसुद्धा हसल्या होत्या.

बाई बसल्या. लगाम जरा ओढूनच धरलेला, कोपर बाहेर. डॉक्टरनं सांगितलं डावीकडे, आणि बाई निघाल्या, शिकवलं तसं, अगदी शिकवलं तसं, बाहेरच्या खांद्यावर डोळे रोखून, "उठ... बस... उठ... बस..." शहाण्यानं उडी घेतली. बाई घाबरल्या, खोगिराला धरलं, पण मोजणं सोडलं नाही. "उठ... बस..." त्यांना खालून कुणी काही सांगतंय हे कळण्याइतकं घोड्यावर बसता येत नव्हतं. त्या पुन्हा नियमावर आल्या.

तो लंगडत होता.

कुणालाही दिसलं असतं. रस्त्यावरच्या माणसाला दिसलं असतं. मागचा डावा पुढे यायचाच नाही, यायचा तो टोक मातीत ओढत. डावा पुठ्ठा दर पावलाला वर उसळत होता, शेपटी एका अंगाला धरलेली, आणि बाईंच्या प्रत्येक "बस"ला त्याचे कान मागे जात होते. बस. बस. बस. ती रिंगणाच्या कडेला उभी होती. आपण शहाण्याला दुसऱ्या कुणाखाली दुडक्या चालीत जमिनीवरून शेवटचं कधी बघितलं हे आठवायचा ती प्रयत्न करत होती आणि तिला आठवत नव्हतं. मी वरच होते. मी सगळा वेळ वर होते, आणि वरून सगळं गोड लागत होतं. तो माझ्याखाली सरकून मला चांगल्या पायावर बसवत होता आणि मी बसत होते, आणि जसजसा पाय बिघडत गेला तसतशी मी त्याच्यावर आणखी आणखी छान बसत गेले, कारण मला येतं. मला फार चांगलं येतं.

"थांबा," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण आवाज डॉक्टरचाच आला.

बाई उतरल्या. धापा टाकत त्यांनी विचारलं, "माझं काही चुकलं का हो?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर बसला होतात."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांना तिच्याकडून असं कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

मग फोटो. डॉक्टरनं गाडीतून यंत्र काढलं, सांध्याला या बाजूनं त्या बाजूनं लावलं, आणि तबेल्याच्या पायरीवर बसून पडद्यावर तिला दाखवलं. पांढरी हाडं, त्यांच्यामधल्या काळ्या रेघा. खालच्या रेघा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या.

"हे खालचे सांधे झिजलेत. त्याचं एवढं नाही, हे एकदा पूर्ण जुळून आले की दुखणं थांबतं, कितीतरी घोडे त्याच्यावर काम करतात. पण हे बघा." त्यानं वरच्या रुंद रेघेवर बोट ठेवलं. "इथंही सुरू झालंय. हा जुळत नाही. हा हलायलाच हवा, आणि हलला की घासतो."

"मग काम बंद करते. आजपासून."

"बंद केलं तर जखडेल. उभा राहिलेला घोडा अजून लवकर बसतो."

"मग काम करू?"

"केलं तर दुखेल. हलकं करा. सरळ रेषेत. वळणं नकोत."

"हलकं म्हणजे किती?"

"ते तोच सांगेल," डॉक्टर म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो यंत्राची वायर गुंडाळायला लागला. "वरच्या सांध्यात एक सुई देऊन बघू. काही महिने बरं जाईल. किती ते नाही सांगत मी. दुसरी सुई पहिलीइतकी टिकत नाही, तिसरी त्याहून कमी." जरा थांबून म्हणाला, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. तुमच्यामुळेच तो इतके दिवस चालला असंही म्हणता येईल."

असंही. त्या शब्दातला तो 'ही' तिच्या कानात राहिला. गाडी फाटकाबाहेर गेली, धूळ खाली बसली, बँकेच्या बाई दुसऱ्या घोड्यावर बसून तास करून गेल्या – तिनंच घेतला तो तास, काय शिकवलं देव जाणे – आणि तो 'ही' तिथंच होता. इकडे आड तिकडे विहीर, असं आपण बोलताना किती सहज म्हणतो. मधली जागा किती अरुंद असते ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. चालवला तर झिजेल, उभा केला तर जखडेल, आणि मधलं माप ज्याला माहीत आहे तो बोलत नाही, किंवा बोलतो, तर ऐकणारी ही अशी.

नवऱ्याचा फोन आला. तिनं सांगितलं. फार सांगितलं नाही, सांध्याचं सांगितलं, स्वतःचं सांगितलं नाही.

"औषध आहे ना पण?" त्यानं विचारलं.

"आहे आणि नाही."

"मी येऊ का तिकडे?"

"तू येऊन काय करणार?"

"काही नाही," तो म्हणाला. "नुसता येईन."

तिनं घाईनं फोन ठेवला.

दादांची खोली म्हणजे एक टेबल, एक जुना पंखा आणि भिंतीवर आजवरच्या सगळ्या घोड्यांचे फोटो. दादा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं. गेली कित्येक वर्षं तो ही शाळा दातांनी धरून चालवत होता, त्याचं स्वतःचं बसणं दम्यानं कधीच सुटलं होतं, आणि घोड्यांशी तो माणसांपेक्षा बरं बोलायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"उभा घोडा मला ठेवता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "हे काय तुला मी सांगायला हवं?"

"नाही, दादा."

"मोकळ्यावर पाठवावा लागेल."

मोकळ्यावर. हा इथला शब्द होता. कामातून गेलेला घोडा मोकळ्यावर जायचा. एक गाडी यायची, घोडा चढायचा, कुणीतरी मानेवर थाप मारायचं, आणि नंतर भिंतीवर फोटो लागायचा. ते मोकळं कुठं आहे, तिथं गवत आहे का, पाणी आहे का, हे कधी कुणी विचारत नसे. तिनंही कधी विचारलं नव्हतं. फोटोंकडे बघायचं नाही असं ठरवून ती पंख्याकडे बघत राहिली.

"पण मला एक सांग," दादा म्हणाला. "तू बसलीस की सरळ चालतो ना?"

ती पंख्याकडेच बघत होती.

"अगं चालतो ना? डॉक्टर पण म्हणाला ना तसं?"

"चालतो."

"मग झालं तर. तूच बस. रोज थोडा वेळ, लोक असतील तेव्हा. लोकांना दिसू दे घोडा कामावर आहे. शाळेत पैसे घातलेल्या माझ्या भागीदारालाही दिसेल. बाकी कोण बघायला येतंय कुठला पाय कसा पडतो?" तो तिच्याकडे बघून जरा हसला, मायेनंच. "तुझ्याइतकं कुणाला जमतंय ते? सुई दे त्याला, आणि बस. जितके दिवस निघतील तितके निघतील. संध्याकाळी एकदा मला दाखव, म्हणजे मी निर्धास्त."

तिला म्हणायचं होतं, दादा, मी बसते म्हणूनच... मी बसले की दिसत नाही एवढंच, जात नाही कुठं. तिला हे सगळं नीट, क्रमानं म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न एकच होता आणि त्याचं उत्तर भिंतीवर होतं. "बरं," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ती शहाण्याकडे गेली. तो डावा मागचा पाय टेकवून, खुराचं नुसतं टोक जमिनीला लावून उभा होता, नेहमीसारखा. ह्या उभं राहण्याला ती आजवर आरामात उभा आहे म्हणत आली होती. तिनं त्याच्या मानेवर कपाळ टेकलं. "सांगायचं होतंस," ती म्हणाली, आणि लगेच गप्प झाली, कारण हे वाक्य इतकं खोटं होतं की घोड्यासमोरही बोलवेना. त्यानं तिचा खिसा हुंगला. गाजर नव्हतं. त्यानं तोंड फिरवलं.

ऊन कलल्यावर तिनं खोगीर घातलं. रिकिबीत पाय टाकताना पोटरी थरथरली, त्या जुन्या दिवसांसारखी. दादा कुंपणाला टेकून उभा होता. तिनं ठरवलं होतं: नुसतं चालवायचं. सरळ जायचं, लांब वळण घ्यायचं, दाखवायचं आणि उतरायचं. आणि चालताना प्रत्येक पावलाला खाली लक्ष द्यायचं, त्या पायाकडे, आज तरी. एक फेरी झाली.

"जरा दुडकी दाखव की," दादा म्हणाला.

उतरावं असं तिला वाटलं. उतरून काय म्हणावं हे सुचलं नाही. तिनं पोटऱ्या जरा मिटल्या, आणि तो निघाला, लगेच, तिनं पुरतं म्हणायच्या आधीच, तसाच तो नेहमी निघायचा. डावं वळण आलं. ती मुद्दाम बाहेरच्या खांद्याला उठली. निदान एकदा, म्हटलं, मला कळू दे कसं दुखतं ते, निदान एवढं तरी... त्यानं ती बारीक उडी घेतली, तिला अलगद उचललं आणि चांगल्या पायावर ठेवलं. तिनं पुन्हा बदललं. त्यानं पुन्हा ठेवलं. रागावला नाही, कंटाळला नाही. तिसऱ्यांदा तिला बदलवेना. कारण बदललं तर दुखेल, नाही बदललं तर झाकेल, आणि दोन्हीकडे तोच आहे.

मग तिनं डोळे मिटले आणि खोगिराखाली तो पाय शोधला. आता तिला माहीत होतं. सकाळी नव्हतं, आता होतं, कुठल्या ठोक्याला तो पडतो, कुठं ओढला जातो, काय घासतं, पडद्यावरची ती पुसट रेघसुद्धा तिला दिसत होती. तिनं सगळं अंग त्या एका पायाकडे लावलं. काही नव्हतं. खाली पाठ मोकळी होती, चाल हलकी, एका ठेक्यात, आणि तिचं अंग त्या ठेक्याला ओळखत होतं, इतक्या वर्षांचं ओळखत होतं, आणि तिला न विचारता त्याच्यात मिसळत चाललं होतं. खांदे खाली आले. श्वास लांब झाला. छान चाललाय, असं आतून कुणीतरी म्हणालं. मी नाही म्हणाले. मी म्हणत होते, लंगडतोय, लंगडतोय, मी पाहिलंय... पण ते डोक्यात होतं, आणि डोकं वर कुठंतरी एकटंच होतं.

"वा!" कुंपणाकडून दादाचा आवाज आला. "बघ, काही झालेलं नाही त्याला."

तिनं डोळे उघडले. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ती त्याची वाटही बघत होती. पण वारा चेहऱ्यावर लागत होता, शहाण्याचे कान पुढे होते, आणि तिला बरं वाटत होतं. अगदी नेहमीसारखं, सकाळी वाटलं होतं तसंच बरं. तिनं ते थांबवायचा प्रयत्न केला आणि ते थांबेना.